सोळा बोलण्यांच्या बत्तीस जागा

शेजारच्या टेबलावरच्या अक्का नसत्या, तर मी तीन महिन्यांत इचलकरंजीला परत गेले असते. अक्का जे. पी. नगरच्या, बंगळूरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातल्या, आमच्या कंपनीत इंजिनियर. मी नववीत शाळा सोडलेली. सूतगिरणीच्या टेलिफोन बोर्डावर सात वर्षं बसले, तेवढीच विद्या. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. इंटरनेटवरून फोन होतो म्हटलं की गावाकडं लोक हसायचे. इथं तेच काम चालायचं, आणि चाचणीचे फोन लावायला मला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. पुढं ठेवतील की नाही, या काळजीनं जेवण जात नसे.

एके दिवशी अक्कांनी कागद सरकवला. परदेशातल्या गिऱ्हाइकाच्या दोन कचेऱ्या, एकमेकींशी फोनवर बोलणाऱ्या; कुठं किती माणसं तेही लिहिलेलं. आवाजाची कार्डं किती लागतील? या कार्डांवरच्या चिपा बोलणं दाबून लहान करतात, मग ते तारेत मावतं.

"गर्दी कधी होते ते तुला ठाऊक. तूच काढ."

मी काढलं. ऐन गर्दीत एका वेळी सोळा बोलणी. म्हणून कार्डांवर सोळा जागा, आठ इकडं, आठ तिकडं. तीनदा तपासलं.

चाचणीला साहेब येऊन उभे राहिले. आठ फोन लागले. नववा लागेना.

"हिशेब कुणाचा? कुठल्या कॉलेजची?"

"माझा," मी म्हटलं.

"स्वल्प थांबा, सर," अक्का म्हणाल्या आणि माझ्याकडं वळल्या. "सोळा कसे काढलेस गं?"

"अकराला टपाल फुटतं, अक्का. मग सगळ्यांना एकदम लाइन हवी असते. गिरणीत मी रोज बघितलंय."

"आणि आठ-आठ?"

"बोर्डावर एक दोरी खोचली की दोन माणसं बोलतात. एका बोलण्याला दोन दोऱ्या लागतात होय?"

सगळे हसले. अक्काही हसल्या. "अगं, इथं दोरी कुठली? आवाज इकडं डब्यात भरून जातो. तिकडं तो उघडायला कुणी नको?"

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. एका बोलण्याला इकडं एक जागा, तिकडं एक.

"सोळाचा आकडा पक्का आहे, सर," अक्का म्हणाल्या. "आमच्यातल्या एकालाही तो काढता आला नसता. उरलेलं ती आत्ता सुधारेल."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "सरी, ठीक आहे. जेवणानंतर दाखवा."

मीच लिहिलं: सोळा इकडं, सोळा तिकडं. दुपारी कार्डं वाढवली आणि सोळाही फोन एकदम बोलायला लागले. चार भाषांतला तो कालवा मला गोड लागला. कागदाच्या तळाशी अक्कांनी माझं नाव घालायला लावलं. आठवड्यानं मला कायम केलं.

अक्का घरी मराठी बोलतात, पण वाचतात कन्नडच. त्यामुळं हे लिहिलेलं त्यांना वाचता यायचं नाही. मी त्यांच्या लिपीची अक्षरं गिरवायला घेतली आहेत. जोडाक्षरं अजून छळतात. पण एक दिवस हे सगळं कन्नडमध्ये, माझ्या हातानं लिहून, जे. पी. नगरला जाऊन त्यांना देईन. नक्की देईन.