न ओळखलेली खिरापत

भाद्रपदाची पौर्णिमा आली, की आमच्या सौसरला घरोघरी भुलाबाई बसायची. मातीची भुलाबाई, शेजारी तिचा भुलोजी आणि वर ज्वारीच्या धांड्यांचा मखर. संध्याकाळी गल्लीतल्या पोरी घराघरांत जाऊन गाणी म्हणायच्या. गाणी संपली, की घरची बाई झाकलेला डबा पुढे करायची. त्यात खिरापत असायची, पण ओळखल्याशिवाय ती खायला मिळत नसे. डबा कानाशी नेऊन हलवायचा आणि आवाजावरून सांगायचं, फुटाणे, खोबरं, डाळिंबाचे दाणे. तीन वेळा चुकलं, की 'हरलो' म्हणायचं, मग डबा उघडायचा आणि पुढे केलेल्या हातावर खिरापत पडायची. आमची आई भारी लबाड. शेंगदाणे फडक्यात बांधून ठेवायची, म्हणजे आवाजच नाही.

लग्न होऊन मी अमरावतीला आले, तर आईनं तो खेळ पत्रातून चालू ठेवला. भुलाबाई बसली, की पत्र यायचं: या वर्षीची खिरापत ओळख. खाली दोन-तीन खुणा. मी तीन उत्तरं लिहून पाठवायची आणि पुढच्या पत्रात निकाल. मी बहुधा हरायचीच, आणि मला ते आवडायचं.

पत्र हिंदीत असायचं. घरात आम्ही मराठीच बोलतो, वऱ्हाडी वळणाची. पण आमचा मुलूख मध्य प्रदेशात, आईची शाळा हिंदी. हातात पेन आलं, की तिला हिंदीच सुचायचं. जन्मात माझ्याशी हिंदीतून एक वाक्य न बोललेली ही बाई मला 'प्रिय बेटी' लिहायची आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. सौसर-पांढुर्ण्याकडे कित्येक घरांत असंच चालतं.

वावगं वाटलं ते सासरी. एकदा नणंदेनं पत्र सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. सगळे हसले, मीही हसले. ते माझं हसणं मला अजून टोचतं. त्याच आठवड्यात मी आईला कळवलं, की यापुढे मराठीत लिहीत जा, इथे लोक हसतात.

उत्तर आलं ते चार ओळींचं. 'सौ. कन्येस आशीर्वाद. आम्ही सर्व सुखरूप आहोत. तुम्ही सुखरूप असावे.' माझ्या आईनं मला 'तुम्ही' म्हटलं होतं. कुणा गुरुजींना विचारून लिहिलं असावं. भुलाबाई बसली होती, तरी खिरापतीचा पत्ता नव्हता.

दिवाळीला माहेरी गेले तेव्हा मी विचारलं, पत्र का नाही येत? ती करंज्या लाटत होती. वर न बघताच म्हणाली, "मले तुमच्यावानी लिहिता नाही येत, बाई. चुकलं तं तुलेच हसतीन."

मग म्हणाली, शेजारी फोन आला आहे, आता बोलतच जाऊ. बोललोही, पुष्कळ वर्षं. ती तब्येत विचारायची, संत्र्याचा बहार कसा आहे ते सांगायची. खिरापत मात्र तिनं पुन्हा कधी काढली नाही. 'तू हिंदीतच लिही' एवढं म्हणायला मला काय झालं होतं, देव जाणे. वाटायचं, म्हणू कधीतरी.

आई जाऊन आता दोन वर्षं होतील. परवा भावाबरोबर तिचं कपाट आवरत होते. खालच्या फळीवर अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली वहीचा एक कागद निघाला. मी 'मराठीत लिही' म्हटलं त्याच वर्षीचं पत्र, न पाठवलेलं. आधी अख्खं हिंदीत लिहिलेलं, आणि शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीनं मराठी. 'कुशल'वर 'बरे'. 'बेटी'वर 'मुलगी', ते खोडून 'पोरगी', तेही खोडलेलं. चौथ्या ओळीपाशी पेन्सिल थांबली होती. खाली खिरापत तशीच हिंदीत राहिली होती.

'बजती नहीं। हिलाओ तो हाथ को पता चलता है। तू छोटी थी तब इसके लिए रोती थी।'

भाऊ बाहेर गेला होता. मी कागद घेऊन जमिनीवरच बसले आणि ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. कागदावर हिंदी होती, पण मला ऐकू येत होतं ते तिचं बोलणं: वाजत नाही न पोरी, हालवून तं पाह्य. मला आई इतकी हवीशी झाली, की मी खरंच उत्तरं द्यायला लागले. सीताफळ, म्हटलं. मग उकडलेले शिंगाडे. मग खरवस. कशासाठी रडायची मी? ते फक्त तिलाच माहीत होतं.

तीन उत्तरं झाली होती. मी मोठ्यानं म्हणाले, "हरले, आई," आणि लहानपणीच्या सवयीनं हात पुढे केला.