डाळ शिजायचं पाणी

कुकरमधून तुरीच्या डाळीचा वास सुटला की मला लातूरचा तो जळालेला हीटर आठवतो. जिल्हा नवा झाला होता, दुष्काळ मात्र जुनाच. तुरीच्या बियाण्याला लावायचं जीवाणू खत तयार करणाऱ्या एका लहान प्रयोगशाळेतल्या यंत्रांची दुरुस्ती माझ्याकडे होती. तिथल्या बाटल्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हचा हीटर सारखा जळायचा, कारण बोअरच्या खारट पाण्यानं त्यावर पांढरं कवच चढायचं. म्हणून मी नांदेडहून एसटीत, कंडक्टरशी भांडत, शुद्ध पाण्याचे कॅन आणून दिले. तरी हीटर गेलाच. उघडून बघतो तर तेच कवच! पेरणी तोंडावर आणि बाटल्यांतलं खत नासून सगळीकडे आंबूस वास. "मामा, ह्यात कोणतं पाणी टाकलं?" मी तिथल्या म्हाताऱ्या शिपायावर ओरडलो. "सांगतो की. आधी जेवून घ्या साहेब, उपाशीपोटी लई राग येतो." चिडूनच बसलो. भाकरीसोबत लोण्यासारखं मऊ वरण होतं. बोअरच्या त्या पाण्यात तर दिवसभर चुलीवर ठेवली तरी डाळ शिजायची नाही, म्हणून नवल वाटून विचारलं, "मामा, डाळ एवढी मऊ कशी?" त्यांनी कौतुकानं आणखी एक पळी वाढली. "तुमच्या कॅनच्या पाण्याचा गुण हाय साहेब. साऱ्या गल्लीची डाळ शिजली. मशीनला काय चव असती का? त्याला बोअरचं टाकलं." आजही घरी मऊ वरण पानात पडलं की मला आधी संताप येतो, आणि मग भूक लागते.