लेबलं गेलेली कवचं

फॉर्मलिनचा वास आला की औंधची ती पडवी आठवते. आमच्या कॉलेजातला प्राणिशास्त्र विभाग बंद होणार होता आणि सी अर्चिनच्या, म्हणजे त्या काटेरी समुद्री जिवांच्या, कवचांवरची लेबलं कसरीनं खाल्ली होती. नावाशिवाय नमुने सांगलीचं कॉलेज घेणार नव्हतं. ती कवचं आमच्या निवृत्त सरांनी कोकणात फिरून जमवलेली. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या एका महासंहारातून या जिवांची मोजकीच कुळं वाचली आणि आजचे सगळे त्यांचेच वंशज, हे त्यांनीच शिकवलेलं. म्हणून मी औंधला त्यांच्या घरी गेले आणि पडवीत खोकं त्यांच्यापुढं ठेवलं. उन्हात कवचं जांभळी, हिरवट दिसत होती. सरांनी एक उचललं, काटे झडलेल्या पुळ्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "गोल हाय." सरांच्या बायको, आमच्या काकू, म्हणाल्या, "आवं, तुमीच तर आणलीयत ही. नावं सांगा की पोरीला." सरांचे डोळे भरले. "न्हाई आठवत गं." मी दुसरं दिलं, तिसरं दिलं, ते नुसती मान हलवत राहिले. खोकं परत आणलं आणि विभागाच्या सामानाबरोबर तेही भंगारात गेलं. सर आता नाहीत. काकू अजून फोनवर विचारतात, "नीट ठेवल्यात न्हवं गं त्यांच्या वस्तू?" मी "व्हय" म्हणते.