पुसायची राहिलेली ओळ

माझ्या कामाला खोडरबर लागतो हे घरी सांगितलं तेव्हा नवरा हसला होता. "या वयात शाळेत चाललीस का," म्हणाला. काम मिळालं होतं आणि त्याने नको म्हटलं नव्हतं, एवढं मला पुष्कळ होतं.

कर्वेनगरातली ही लायब्ररी एका काकूंची आहे. मी झाडते, पुस्तकांवरची धूळ काढते, नंबर बघून पुस्तकं जागेवर लावते, चार वाजता चहा करते. पण खरं काम पुसण्याचं. आमचे सभासद पुस्तकात शिसपेन्सिलीने लिहितात. पुस्तक परत आलं की पान न् पान उलटायचं, लिहिलेलं पुसायचं, रबराचा भुगा झटकायचा आणि मगच ते फळीवर ठेवायचं. काकू म्हणतात, "आपल्याकडे लोक पुस्तक वाचून गप्प बसत नाहीत. पुस्तकालाच उत्तर देतात."

मी चौथी शिकले. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती, पाचवीला ओढा ओलांडून जावं लागे, आणि ओढ्यापलीकडे भाऊ गेले. वाचायला येतं ते विसरू नये म्हणून मी वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत असे. लायब्ररीत आल्यावर पहिलं वर्षभर मी पुस्तकं वाचली नाहीत. नुसतं लोकांनी लिहिलेलं वाचलं, आणि पुसलं.

सगळ्यात जास्त पुसावं लागे वरच्या फळीवरच्या पुस्तकांत. ही फळी काउंटरच्या मागे, काकूंच्या डोक्यावर. तिथे प्रेमाच्या कादंबऱ्या आहेत. नुसत्या प्रेमाच्या नाहीत, त्यात स्त्री-पुरुष जवळ येतात तेही सगळं लिहिलेलं असतं. त्यांना खाकी कव्हर घातलंय, म्हणजे रस्त्याने नेताना चित्र दिसत नाही. कोणी नाव घेऊन मागत नाही. बायका हळू आवाजात म्हणतात, "वरच्या फळीवरचं एखादं द्या." पुरुष मोठ्या आवाजात म्हणतात, "मिसेससाठी हवंय."

माझ्या आधी कोणी पुसत नव्हतं, त्यामुळे या पुस्तकांच्या पानांवर नुसती जुनी भांडणं साचलेली असत. "हे साहित्य नव्हे," असं एकाने लिहिलेलं. त्याखाली दुसऱ्या अक्षरात, "मग शेवटच्या पानापर्यंत कसे आलात?" एके ठिकाणी, "ही सहा पाने फाडून टाकावीत," आणि खाली, "कृपया फाडू नयेत, आता माझा नंबर आहे." एकीने लिहिलं होतं, "साठीनंतर वाचण्यात अर्थ नाही." त्याला उत्तर, "साठीनंतरच वेळ मिळतो." आणि एकदा कोपऱ्यात अगदी बारीक, "आईच्या हाती लागू देऊ नये," त्याखाली, "आईनेच दिले आहे." मी एकटीच हसले आणि लगेच मागे वळून पाहिलं, कोणी ऐकलं का म्हणून.

ही माणसं एवढं कशावर भांडतात ते बघावं म्हणून मी पानं वाचायला लागले. रॅकच्या मागे स्टुलावर बसून, एका हातात रबर धरून. कोणी आलं की रबर चालू करायचा. पंख्याने पान फडफडलं तरी मी पुस्तक मिटायची. चोरी करत नव्हते, पण चोरी करताना असंच वाटत असेल.

मला भीती होती ती नवऱ्याची. तो मारणारा नाही. पण आधी मी वारज्याला एका घरी स्वयंपाक करत होते. तिथल्या साहेबांनी एकदा मला बसून चहा घ्या म्हटलं, ते मी भोळेपणाने घरी सांगितलं, तर दुसऱ्या दिवसापासून ते काम बंद. "घरात बस," एवढंच म्हणाला. दोन वर्षं बसले. त्या दोन वर्षांत सकाळी भांडी घासली की पुढे दिवस कसा ढकलायचा हेच कळायचं नाही. मला परत तसं बसायचं नव्हतं.

आणि नवरा लायब्ररीपासून लांबही नव्हता. दोन गल्ल्या सोडून एका सोसायटीत तो वॉचमन आहे. त्याच सोसायटीत आमचे एक सभासद राहतात, शाळेतून निवृत्त झालेले. सगळे त्यांना सर म्हणतात. सर रोज पाच वाजता लायब्ररीत पेपर वाचायला येतात, आणि जाता-येता गेटवर माझ्या नवऱ्याशी दोन शब्द बोलतात. त्यांच्या मिसेसचे गुडघे दुखतात, त्या खाली उतरत नाहीत. त्यांच्यासाठी पुस्तकं सरच नेतात.

एका दुपारी मी वरच्या फळीवरचं एक पुस्तक पुसून संपवलं. त्यात एक जागा होती. तो माणूस तिच्या केसांतली पिन काढणार असतो, आणि काढायच्या आधी तिला विचारतो, काढू का? ती लगेच उत्तर देत नाही. तो थांबतो. मी ते पान तीनदा वाचलं. बावीस वर्षांच्या संसारात मला कोणी, काढू का, असं कशाबद्दलच विचारलं नव्हतं. नंबर टाकायची पेन्सिल कानामागे होती. पानाच्या खाली मी लिहिलं, "हा आधी विचारतो. असं कोणी खरंच विचारतं का?"

लगेच पुसणार होते. फक्त एकदा लिहिलेलं कसं दिसतं ते बघायचं होतं. तेवढ्यात काकूंनी चहाला हाक मारली. चहा टाकून परत आले तर स्टुलावर पुस्तक नव्हतं. काकूंनी ते उचलून काउंटरवर एका बाईंना देऊनही टाकलं होतं. आयटीत नोकरी करणारी, तिशीतली बाई. तिची मुलगी चौथीत, तिचंही आमच्याकडे गोष्टींच्या पुस्तकांचं कार्ड आहे.

ते पंधरा दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. ती बाई आली की पुस्तक आधी माझ्या हातात घ्यायचं, असं ठरवून दारावर डोळा ठेवून असायची. ती आली तेव्हा मी मागे फडकं धूत होते. सर काउंटरपाशीच उभे होते. "हे मिसेससाठी घेतो," म्हणून त्यांनी ते तसंच नेलं. लोकांनी लिहिलेला शब्द न् शब्द मी पुसला होता. सबंध पुस्तकात माझी एकच ओळ राहिली होती.

चौथ्या दिवशी सर पाचच्या आधीच आले. मी रॅकमागे होते.

"बाई, हे बघा," त्यांनी पुस्तक उघडून काकूंसमोर ठेवलं. "पस्तीस वर्षं मी वह्या तपासल्या. हे चौथीतल्या मुलाचं अक्षर आहे."

काकू बराच वेळ बघत होत्या. "अहो, कोणा मोठ्या माणसाचं घाणेरडं अक्षर असेल."

"घाणेरडं नाही. कच्चं आहे. दाबून लिहिलंय, पान फाटायला आलंय. मूल लिहितं असं. आणि वाक्य वाचलंत ना? तुमच्याकडची ही पुस्तकं मुलांच्या हातात जातात आणि ती असले प्रश्न विचारतात. मला हे बरं दिसत नाही."

"सर, पुस्तक तुमच्या मिसेसनी वाचलं का?"

"तो मुद्दा नाही," सर म्हणाले.

काकूंनी वही काढली. सरांच्या आधी कोणी नेलं होतं ते त्यात होतंच. त्या बाईच्या मुलीची इयत्ताही कार्डावर होती. काकूंनी त्या बाईला फोन लावला. मी रॅकमागेच उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी ती बाई मुलीला शाळेतून थेट घेऊन आली. सर आले होतेच. मुलीच्या अंगावर गणवेश, गळ्यात पाण्याची बाटली. बाईचा चेहरा भीतीने माझ्यासारखाच झाला होता, हे मला लगेच ओळखू आलं.

"काकू, मी कपाटात सगळ्यात वर ठेवते हो," ती हळू आवाजात म्हणाली. "घरी कोणालाच माहीत नाही मी हे वाचते ते. सासूबाईंच्या कानावर गेलं तर... मला वाटतं ते आधीपासूनच लिहिलेलं होतं."

"आमच्याकडून पुसल्याशिवाय पुस्तक जात नाही," काकू म्हणाल्या. "आमची ही बाई एक अक्षर सोडत नाही."

काकूंना माझ्यावर एवढा भरवसा आहे, हे मी पहिल्यांदा ऐकलं, तेही तेव्हा.

बाईने मुलीचा दंड धरला. "खरं सांग. तू लिहिलंस?"

"नो, मम्मा."

"मग कोणी लिहिलं? घरात दुसरं लहान कोण आहे?"

"आय डोन्ट नो. मी ते बुक बघितलंच नाही."

"खोटं बोलू नकोस." बाईची बोटं दंडात रुतत होती. मुलगी रडत नव्हती, पण तिचे कान लाल झाले होते.

सरांनी एक कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल पुढे सरकवली. "रागावू नका तिला. बाळ, मी सांगतो ते लिही बरं. अक्षर बघू आपण."

मला बोलता येत नाही. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही, लग्नात उखाणासुद्धा जावेने घेतला होता माझ्यासाठी. मी रॅकमागून निघाले ते चहाचे कप उचलायला निघाले असंच सगळ्यांना वाटलं असेल. सरांना मी बघत होते आणि मला दिसत होतं गेट, आणि गेटवरची खुर्ची, आणि खुर्चीवर नवरा. आज संध्याकाळी सर जाताना तिथे थांबतील. उद्यापासून मी घरात.

मुलीने पेन्सिल धरली होती. मी तिच्या हातातून पेन्सिल काढून घेतली आणि चिठ्ठीवर लिहिलं, "हा आधी विचारतो. असं कोणी खरंच विचारतं का?" तेवढं लिहून पेन्सिल खाली ठेवली.

सरांनी चष्मा पुसला. चिठ्ठी पुस्तकातल्या पानाशेजारी धरली. एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं.

"शिक्षण किती?" त्यांनी विचारलं.

"चौथी."

"मग मी बरोबरच सांगत होतो," सर काकूंना म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "तुला पुसायला ठेवलंय की लिहायला?"

बाई मुलीचा हात धरून दाराकडे गेली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. मुलीने मात्र वळून पाहिलं, दंड चोळत. काकूंनी खोडरबर माझ्या हातात दिला आणि त्या दुसऱ्या कामाला लागल्या. मी ती ओळ पुसली. शिसं गेलं, पण माझा हात जड, कागदावर खड्डे राहिले. पान तिरपं धरलं तर प्रत्येक अक्षर वाचता येत होतं. सरांनी ते पुस्तक पुन्हा पिशवीत टाकलं. "मिसेसचं वाचून व्हायचंय," म्हणाले.

त्या संध्याकाळी नवरा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी रोज त्याच्या चपलांचा आवाज ऐकून अंदाज घ्यायची. भाकरी थापताना हात थांबायचा. तिसऱ्या दिवशी जेवायला बसल्यावर तो म्हणाला, "तुमच्या लायब्ररीतले सर भेटले होते."

माझ्या हातातलं उलथनं तव्यावर वाजलं.

"काय म्हणत होते?"

"काही नाही. म्हणाले, बायकोला सांगा, लिहिताना हात हलका ठेवा. पान फाटतं." त्याने आमटी ओढून घेतली. "काय लिहितेस तू तिथे?"

"चिठ्ठ्यांवर नंबर टाकते."

"मग टाक नीट," तो म्हणाला आणि जेवला. सरांनी हे माझ्यावर दया करून सांगितलं की मला आठवण राहावी म्हणून, ते अजून मला कळलेलं नाही. आजही ते पाच वाजता आले की मी आत जाते.

पुढच्या आठवड्यात ते पुस्तक परत आलं. सरांनी काउंटरवर ठेवलं आणि पेपर घेऊन खिडकीत बसले. मी ते उचलून रॅकमागे नेलं आणि सवयीने पान न् पान उलटायला लागले. कुठेच काही नव्हतं. मग ते पान आलं.

पानाखाली कोणीतरी पेन्सिल आडवी धरून हलकेच घासली होती, मुलं नाण्यावर कागद ठेवून घासतात तशी. करड्या पट्ट्यात माझी ओळ पांढरी उमटली होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आणि त्याखाली, थरथरत्या पण वळणदार, जुन्या शाळेतल्या अक्षरात एकच शब्द होता. "नाही."

दोन रॅक सोडून खिडकीत सर पेपर उलटत होते. पस्तीस वर्षं वह्या तपासलेला माणूस. माझं अक्षर त्यांनी इयत्तेसकट ओळखलं होतं. हे घरातलं अक्षर तर त्यांनी एका नजरेत ओळखलं असतं. त्यांनी पिशवीतून आणताना पान उघडलं नव्हतं, एवढंच.

मी रबराची मऊ बाजू घेतली. आवाज होऊ नये म्हणून पान मांडीवर धरलं. आधी तो शब्द पुसला, मग करडा पट्टा. भुगा फुंकला नाही, पदरात गोळा केला. मग पान खिडकीच्या उजेडात तिरपं धरून बघितलं. माझी ओळ होती तशीच होती, खड्ड्यांची. त्याखालच्या जागेवर मी बोट फिरवून पाहिलं. मिसेसचा हात हलका होता. काही राहिलं नव्हतं.