पुढचं चाक

आमच्या विजापूर रोडवरचा सायकलवाला सीटची उंची पट्टीनं मोजत नाही. गिऱ्हाइकाला सायकलवर बसवतो आणि पुढचं चाक गुडघ्यांत धरून उभा राहतो. "टाच पायडलवर ठिवा. खाली बगू नका, म्होरं बगा." पाय सरळ झाला, हँडलवर कोपर सैल पडलं, की पान्यानं सीटचा नट आवळतो. इतक्या वर्षांत माझ्याशी याहून जास्त बोललेला नाही.

परवा दुपारी तो स्वतःच्याच सायकलचं सीट लावत होता. सायकल भिंतीला टेकवून चढायचा, ती घसरायची, पुन्हा उतरायचा. मी जाऊन पुढचं चाक गुडघ्यांत धरलं. तो बसला, टाच टेकवली, समोर बघत राहिला.

"बरोबर आहे की उंची," मी म्हणालो.

"व्हय," तो म्हणाला. "पर आजून जरा धरा की."