उलटा फळा

पितांबर देवरे सरांनी धुळ्याच्या कॉलेजात एकतीस वर्षं गणित शिकवलं. फळा हीच त्यांची ताकद. शिकवता शिकवता ते मागे वळायचे आणि कुणाच्या कपाळावर आठी पडली ते बघायचे. आठी दिसली की पुसायचे आणि पुन्हा पहिल्यापासून मांडायचे. वर्गात प्रश्न विचारायची वेळ मुलांवर फारशी यायचीच नाही.

दोन हजार वीसच्या पावसाळ्यात कॉलेज बंद होतं आणि वर्ग मोबाइलवर घ्यायचे ठरले. त्याआधी प्राध्यापकांकडून एक फॉर्म भरून घेतला: ऑनलाइन शिकवायला तुम्ही कितपत तयार आहात, एक ते पाचमध्ये सांगा. सरांनी दोनवर खूण केली. संगणकाचा तरुण प्राध्यापक जितेंद्र याच्याकडे हे सगळं काम सोपवलेलं. त्याचा लगेच फोन आला. सर, गणित विभागामुळे कॉलेजचा आकडा खाली येतोय, पाच टाका, अडलं तर मी आहेच, असं तो अगदी आदरानं म्हणाला. सरांनी पाच टाकले.

देवपुरातल्या घरी त्यांनी पुढच्या खोलीत छोटा फळा टांगला आणि समोरच्या स्टुलावर डब्याला टेकवून मोबाइल उभा केला. पडद्यात आपण दिसतोय याचंच त्यांना समाधान. पण फळ्यावर लिहिलं आणि पडद्याकडे बघितलं, तर अक्षरं उलटी! मुलांनाही असंच दिसत असणार, या विचारानं ते घाबरे झाले. जितेंद्रला विचारावं तर फॉर्मवर पाच टाकलेले. मग त्यांनी स्वतःच मार्ग काढला. चार दिवस सकाळ-संध्याकाळ उजवीकडून डावीकडे उलटं लिहायचा सराव केला. मनगट भरून यायचं.

त्यांच्या पत्नी कुंदाबाई चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"हाई बठ्ठं उलटं काय लिखी ऱ्हायनात?"

"मोबाइलमा सुलटं दिसस," सर म्हणाले.

आणि खरंच, त्यांना मोबाइलमध्ये सुलटंच दिसत होतं.

दुसऱ्या वर्षाचा वर्ग सुरू झाला. त्रेसष्ट मुलांपैकी पंचवीस-सव्वीस यायची. पडद्यावर नुसती नावं, चेहरा एकही नाही. सर सीमेची, म्हणजे लिमिटची, व्याख्या शिकवत होते. उलटं लिहिताना घामाघूम व्हायचे. 'समजलं का?' विचारलं की खाली 'यस सर' अशी रांग उमटायची. असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी दिपमालाचा फोन आला. पिंपळनेरच्या पुढे, पाड्यावर राहणारी मुलगी. घरी रेंज नसल्यामुळे वडिलांचा मोबाइल घेऊन ती टेकडीवर जाऊन बसायची.

"सर, एक विचारू? रागवू नका."

"विचार ना, बेटा."

"तुमचं लिहिलेलं उलटं दिसतं. मी बाबांचा दाढीचा आरसा धरून उतरवून घेते. पण बाकीच्यांनी अक्षरं सुलटी केली आणि लहान-मोठ्याचं चिन्ह तसंच ठेवलं. त्यांच्या वहीत 'मोठं' आहे, माझ्या वहीत 'लहान'. कोणतं खरं?"

मोबाइल उलटं दाखवतो ते फक्त आपल्यालाच, मुलांना फळ्यावर लिहू तसंच दिसतं, हे सरांना तेव्हा कळलं.

"तुझं खरं," ते म्हणाले. "आधी का नाही सांगितलंस?"

"आम्हाला वाटलं, ॲपच तसं असेल. आणि तुम्ही एवढ्या कष्टानं लिहीत होता."

त्यांनी नऊ दिवसांचं सगळं पुन्हा शिकवायला घेतलं, सुलट लिहून. पण आता दहा-अकराच मुलं यायची. उरलेल्यांच्या वहीत व्याख्या उलटीच राहिली. जितेंद्रला सगळं सांगितलं, तेव्हा त्यानं अर्ध्या तासाच्या एका व्हिडिओची लिंक पाठवली. दिवाळीनंतर दिपमालाचं नावही दिसेनासं झालं. सरांनी फोन केला, तर तिचे वडील बोलले. ते ऊसतोडीला गुजरातेत गेले होते, मोबाइल बरोबर घेऊन.

"फोन मनापाशी शे, सर. पोर घर शे."

तिला निरोप द्याल का, असं सरांनी विचारलं. ते बरं म्हणाले, पण तो कसा पोचणार हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. सरांनी टिपणं काढून पाड्याच्या पत्त्यावर टपालानं पाठवली. उत्तर आलं नाही.

परीक्षा घरी बसून, पर्यायांवर टिचक्या मारून झाली. बहुतेकांना नव्वदच्या वर गुण. दिपमाला गैरहजर.

पुढच्या वर्षी कॉलेज उघडलं. तीच मुलं आता शेवटच्या वर्षाला, समोर बाकांवर. सरांनी सीमेची व्याख्या विचारली. कुणी मान वर केली नाही. एका मुलीनं जुनी वही उघडून वाचून दाखवली, चुकीच्या चिन्हासकट. सर प्राचार्यांकडे गेले आणि मागचं पुन्हा शिकवायला पंधरा दिवस मागितले.

प्राचार्यांनी निकालाचा कागद पुढे केला. "सर, विभागाचा निकाल सत्त्याण्णव टक्के आहे. पुन्हा शिकवायचं कारण मी वर काय कळवू?"

सरांनी कागद वाचून परत टेबलावर ठेवला. ते वर्गात परत आले. मुलं त्यांच्याकडे बघत होती, आणि प्रत्येकाच्या कपाळावर आठी होती. सरांनी खडू उचलला आणि वेळापत्रकात होतं ते प्रकरण सुरू केलं.