तेरवीचा फोटो

दादा गेल्याच्या पाचव्या दिवशी वहिनीनं मला विचारलं, तो दसऱ्याचा फोटो मोठा करून आणता काय, तेरवीला लावायला. मी म्हटलं, आणतो की, त्यात काय एवढं. आष्टीत तीस वर्षं झाली मला फोटो स्टुडिओ चालवून. गेलेल्या माणसांचे फोटो मोठे करून देणं हे तर माझं बाराही महिन्यांचं काम. लग्नाच्या गर्दीतून चेहरा कापायचा, मागं निळा पडदा टाकायचा, अंगात कोट चढवायचा. जन्मात ज्यानं कोट घातला नाही तोही माझ्या हातून भिंतीवर साहेब होऊन जातो.

सुतकातच दुकान उघडलं. एकानं टोकलंही त्यावरून, पण लक्ष दिलं नाही. कॉम्प्युटरचं बटण दाबलं तर आतून कट-कट, कट-कट असा आवाज आला आणि पडदा काळाच राहिला. दहा वेळा करून पाहिलं. शेवटी डब्याला एक थाप मारली, तिचाही उपयोग झाला नाही.

दसऱ्याला आम्ही दुकानात कॅमेऱ्याची पूजा करतो. गेल्या दसऱ्याला दादा नवा शर्ट घालून आला होता, म्हणून त्याला स्टुलावर बसवलं, नीट लाइट लावला आणि एक फोटो काढला. वहिनीनंही तो तिथंच पडद्यावर पाहिला होता. दादा जाताना म्हणाला, 'याची एक कॉपी काढून देजो मले.' मी हो म्हटलं. मग दिवाळी आली, मग लग्नसराई आली. गिऱ्हाईक डोक्यावर येऊन बसतं, घरचा माणूस बसत नाही, म्हणून घरच्याचं काम राहून जातं. माझंही राहिलं.

आणि धड असा दुसरा फोटोच नव्हता. संत्र्याचा बगीचा सांभाळून दादा माझ्या प्रत्येक लग्नाच्या कामाला यायचा, लाइट धरायला. लाइट धरणारा कधी फोटोत येत नसतो. त्याच्या स्वतःच्या लग्नाचा एक होता, त्यात मिसरूड नुकतं फुटलेलं. आधार कार्डावरचा एक होता, तो पाहून वहिनी म्हणाली, हे आपले वाटतच नाई.

तरी मी घाबरलो नव्हतो, कारण माझ्याकडं बॅकअप होता. पहिला कॉम्प्युटर ज्यानं जोडून दिला त्यानं त्याच दिवशी शिकवलं होतं, की C ड्राइव्हमध्ये काही ठेवू नका, विंडोज उडालं की सगळं जाते. D ले काही होत नाई. तेव्हापासून दर दिवाळीला मी सगळं निवडून D मध्ये कॉपी करत आलो. त्या फोल्डरला 'बॅकअप' असं नावसुद्धा दिलं होतं. आमच्याकडचा झेरॉक्सवाला हेच करतो, सेतूवाला हेच करतो. D म्हणजे आमची तिजोरी.

डिस्क काढून पिशवीत घातली आणि एसटीनं वर्ध्याला गेलो. नालवाडीत एक जण आपल्या घराच्या पुढच्या खोलीत गेलेला डाटा काढून द्यायचं काम करतो. माझ्याच वयाचा, जाड चष्म्याचा माणूस. मी त्याला ऐटीत सांगितलं, C गेलं तरी चालेल, D मधलं तेवढं द्या. तो हसला नाही, याचंच मला जास्त लागलं. म्हणाला, 'भाऊ, C काय अन् D काय, एकाच डब्याचे दोन खण आहेत. डबाच विहिरीत पडला तर कोणता खण कोरडा राहीन?'

वीस वर्षं मी एकाच डब्यात दोनदा भरत होतो. परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून बसलो, आष्टी येईपर्यंत उचललं नाही.

त्यानं पाच दिवस घेतले. रोज संध्याकाळी वहिनी विचारायची, अन् मी म्हणायचो, होऊन राह्यलं. एवढं खोटं मी गिऱ्हाइकांशीही बोललो नव्हतो. अकराव्या दिवशी पुन्हा वर्ध्याला जाऊन नवीन डिस्क घेऊन आलो. देताना तो म्हणाला होता की जे निघालं ते सगळं टाकलं आहे. फाइलींची नावं गेलीत, क्रम गेला, काही फोटो अर्धेच आलेत. वर म्हणाला, 'पुसून टाकलेलंही निघते काही काही. मी काही निवडत नाई बसलो.'

बाराव्या दिवशी दुपारी झेरॉक्सवाल्याचा लॅपटॉप मागून दादाच्या घरी नेला. वहिनी घराबाहेर पडत नव्हती, म्हणून तिच्यासमोरच सतरंजीवर मांडला. हजारो फोटो, नावांच्या जागी नुसते आकडे. साऱ्या तालुक्याच्या हळदी, वरमाला, पंगती एकमेकांत मिसळून गेल्या होत्या. तासाभरानं दसऱ्याचा फोटो सापडला. कपाळ होतं, भुवया होत्या, डोळ्यांपासून खाली नुसता राखाडी रंग. मला वाटलं होतं ती शिव्या देईल, म्हणेल, जगाचे फोटो काढले अन् भावाचा एक जपता आला नाही. तसं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मी लॅपटॉप मिटणार, तर ती म्हणाली, पुढं पाहा.

पुढं दादा होता. नवरदेवाच्या खुर्चीत बसलेला, शेजारची खुर्ची रिकामी. मग पुन्हा शेवंतीच्या माळा, पुन्हा पंगती, आणि पुन्हा दादा, दुसऱ्याच मांडवात, दुसऱ्याच खुर्चीत.

वऱ्हाड यायच्या आधी मला स्टेजवरचा लाइट बसवून पाहावा लागतो. कोणीतरी खुर्चीत बसलेलं लागतं. मी म्हणायचो, दादा, बस जरा. दोन-तीन फोटो काढायचो, म्हणायचो, झालं, ऊठ आता. घरी आलो की कॅमेऱ्याच्या कार्डावरचं सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचो आणि पहिलं काम म्हणजे हे फोटो पुसायचो. दर लग्नाला, न चुकता. माझ्या हातून नीट झालेलं तेवढं एकच काम होतं आणि तेच त्या डिस्कनं उलटवलं.

क्रम नव्हता. एकात केस पांढरे, पुढच्यातच अर्धे काळे. एकात जांभई देतोय. एकात कोणाचा तरी फेटा घालून हसतोय. बाकी सगळ्यांत सरळ कॅमेऱ्याकडं पाहतोय, म्हणजे माझ्याकडं, मी ऊठ म्हणायची वाट पाहत. बारा दिवसांत मी रडलो नव्हतो. तिथं मात्र रडू आवरलं नाही, वहिनीसमोरच.

ती एकेक फोटो पाहत होती. खांद्यावर दुपट्टा टाकून बसलेल्या एका फोटोवर तिनं बोट ठेवलं आणि म्हणाली, हा. कोट नका घालू. मी डोळे पुसून नंबर लिहून घेतला. मग तिनं माझ्याकडं पाहिलं.

'एवढे होते तुमच्यापाशी, भाऊजी. पुसले काऊन?'

खोटं बोलायचं आता काही उरलं नव्हतं. म्हटलं, 'वहिनी, जागा खात होते.'